विद्यार्थी परवाना म्हणजे एसटीचा पास. कुठपर्यंत चालतो ते आधी बघा

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी बीसीए, बीसीएस, कॉम्प्युटर डिप्लोमा करत असेल तर शेवटपर्यंत वाचा, आणि वाचून झाल्यावर त्या पोरापोरीला पाठवा. ज्यांनी एखाद्या विद्यार्थ्याकडून दुकानाची, हॉटेलची, मंगल कार्यालयाची वेबसाइट करून घेतली आहे त्यांनी तर वाचाच.

गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या भागात एक नवीन धंदा उभा राहिला आहे, आणि त्याची बातमी कुठल्याच पेपरात आली नाही. तिसगाव, पाथर्डी, शेवगाव, करंजी या पट्ट्यातली कॉलेजची पोरं वेबसाइट बनवून देतात. महामार्गावरचं हॉटेल, कृषी सेवा केंद्र, क्लासेस, मढीला येणाऱ्या भाविकांसाठी एखादा लॉज. चार-पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत काम. ना दुकान, ना बोर्ड. एक जुना लॅपटॉप आणि मोबाईलचं हॉटस्पॉट. मला या पोरांचं कौतुक आहे.

पण ही कामं होतात कुठल्या सॉफ्टवेअरवर? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, "सर, स्टुडंट लायसन्स आहे, फुकट मिळतं." बरोबर आहे, मिळतं. पण फुकट कशासाठी मिळतं, किती दिवस मिळतं आणि त्यावर पैसे कमावले तर चालतं का, हे विचारलं की पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कारण "आय ॲग्री" वर टिचकी मारण्याआधी तो मजकूर कुणी वाचलेलाच नसतो. कॉलेजात कुणी वाचून दाखवलेला नसतो.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो एका फोनमुळे. गेल्या हंगामातली गोष्ट. फोन होता कारखान्याच्या तळावरून, कोपीतून. आपल्याच भागातले एक मामा, नवरा-बायको दोघंही ऊसतोडीला गेलेले. पोरगं इकडे आजीजवळ राहून कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. मामा म्हणाले, "दादा, पोरानं काही चोरी केली का हो? कंपनी म्हणती तुझं सॉफ्टवेअर बरोबर नाही, पैसे मिळणार नाहीत. पोलीस येतील का घरी?"

प्रकरण असं होतं. पोराला एका ओळखीच्या माणसामार्फत पुण्यातल्या एका कंपनीचं काम मिळालं. पंधरा हजार ठरले. दीड महिना रात्री जागून त्याने वेबसाइट केली, ती कंपनीच्या सर्व्हरवर चढली, चालूही झाली. बिलाच्या वेळी त्यांनी एक फॉर्म पाठवला. त्यात रकाना होता, कोणतं सॉफ्टवेअर वापरलं आणि कोणत्या परवान्यावर. पोरानं खरं लिहिलं, "स्टुडंट". झालं. उत्तर आलं की हे आमच्या नियमात बसत नाही, पेमेंट थांबवत आहोत. वेबसाइट मात्र चालूच. त्या पंधरा हजारांत पोराची राहिलेली फी भरायची होती.

मी मामांना म्हटलं, "मामा, पोरगं खरं बोललंय. आधी घाबरणं बंद करा." आणि बसलो वाचायला. टेंडरच्या अटी, जीआर, ग्रामसभेचे ठराव वाचण्यात आमची हयात गेली. परवाने तरी काय वेगळे?

पहिली गोष्ट. आपण सॉफ्टवेअर विकत घेत नाही, वापरायची परवानगी घेतो. परवानगीला अट असते. हे समजायला इंग्रजी लागत नाही, एसटीचा पास पुरे. विद्यार्थी मासिक पासाला महामंडळ ६६.६७ टक्के सवलत देतं, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरायचा. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तोही नाही. पण तो पास तिसगाव ते पाथर्डी असेल तर त्यावर पंढरपूरला जाता येत नाही. धाकट्या भावाला देता येत नाही. आणि कॉलेज संपलं की पास संपला. गाडी तीच, सीट तीच, सवलत मात्र ठराविक माणसाला, ठराविक कामासाठी, ठराविक मुदतीची.

दुसरं उदाहरण विजेचं. शेतीपंपाच्या कनेक्शनवर ढाबा चालवला तर काय होतं ते कुणाला सांगायला नको. वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं, दुप्पट दराने आकारणी होते. तार तीच, करंट तोच. फरक फक्त कशासाठी वापरला याचा. सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी परवान्याचं नेमकं असंच आहे.

आता प्रत्यक्ष अटी. वाचल्यावर लक्षात आलं की सगळ्या कंपन्यांना एका मापाने मोजता येत नाही. मर्यादा साधारण पाच प्रकारच्या असतात.

एक, कामाची मर्यादा. कोड लिहिण्यासाठी जेटब्रेन्स कंपनीची सॉफ्टवेअर पोरं वापरतात. त्यांचा विद्यार्थी परवाना पूर्ण फुकट, पण शिक्षणासाठी आणि बिगर-व्यावसायिक कामासाठीच. गिऱ्हाईकाचं पैशाचं काम त्यात बसत नाही. त्यांचंच वेबस्टॉर्म ऑक्टोबर २०२४ पासून विद्यार्थी नसलेल्यांनाही बिगर-व्यावसायिक वापरासाठी फुकट झालं, पण धंद्यासाठी पैसे भरावेच लागतात. याच्या उलट अ‍ॅडोबी. त्यांच्या विद्यार्थी-शिक्षक आवृत्तीला पैसे पडतात, पण सवलतीत. आणि कंपनीने स्वतःच्या प्रश्नोत्तरांत या आवृत्तीवर व्यावसायिक काम चालतं असं म्हटलेलं आहे. म्हणजे "स्टुडंट" हा शब्द दोन्हीकडे आहे, अर्थ दोन आहेत.

दोन, मुदतीची मर्यादा. बहुतेक परवाने वर्षभराचे. दरवर्षी पुन्हा सिद्ध करायचं की मी अजून विद्यार्थी आहे. निकाल लागला, कॉलेज सुटलं की दार बंद. गिटहबने २०१४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पॅक सुरू केला, त्यात अनेक वस्तूंबरोबर वर्षभर फुकट डोमेनही मिळतं. वर्षानंतर त्याचे पैसे भरायचे असतात. शेजारच्या तालुक्यातल्या एका मंगल कार्यालयाची वेबसाइट अशीच ऐन लग्नसराईत गायब झाली. पोरगं शिकून नोकरीला बाहेरगावी गेलेलं, डोमेन त्याच्या विद्यार्थी खात्यावर, मुदतवाढीचे मेल त्याच्या जुन्या पत्त्यावर. कार्डावर छापलेला पत्ता उघडेना. मालक म्हणतो पोरानं फसवलं. पोरगं म्हणतं मला कुणी विचारलंच नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत.

तीन, माणसाची आणि मशीनची मर्यादा. परवाना एका नावावर असतो. अ‍ॅडोबीचं खातं एका वेळी दोनच कॉम्प्युटरवर चालू राहतं. होस्टेलच्या खोलीत एका पासवर्डवर सहा जणांनी काम करणं म्हणजे एका पासवर सहा जणांनी बसणं.

चार, संस्थेची मर्यादा. विद्यार्थी असल्याचा पुरावा म्हणून कॉलेजचा ईमेल किंवा ओळखपत्र मागतात. ज्या कॉलेजला स्वतःचा ईमेलच नाही, तिथल्या पोरांना पायरीवरच ठेच. कॅन्व्हाची फुकट शैक्षणिक आवृत्ती तर शाळेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी आहे, कॉलेजच्या पोरानं ती आपली समजू नये. आणि ज्याचं खातं कॉलेजच्या ईमेलवर आहे, त्याचं सगळं काम त्या ईमेलला टांगलेलं. ईमेल बंद, तर तीन वर्षांचे नमुने बंद.

पाच, शिक्क्याची मर्यादा. सिव्हिलवाल्यांना हे आठवत असेल. ऑटोकॅडच्या विद्यार्थी आवृत्तीत काढलेल्या नकाशाच्या कडेला एके काळी शैक्षणिक आवृत्तीची ओळ छापून यायची. नकाशा कितीही सुंदर असो, ती ओळ दिसली की कळायचं. वेबसाइटवर असा शिक्का दिसत नाही, म्हणून पोरांना वाटतं की मर्यादाच नाही.

आता मामांच्या प्रश्नाकडे येतो. पोलीस येतील का? पाथर्डीच्या एका वकील मित्राबरोबर बसून कायदा बघितला. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. गावोगावी पेन ड्राइव्हमधून फिरणारी क्रॅक केलेली सॉफ्टवेअर या कलमाखाली येतात. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

या पोराची प्रत मात्र चोरीची नव्हती. कंपनीनेच त्याला नावानिशी दिलेली, फक्त अटीबाहेर वापरली गेली. अट मोडली हे खरंच, ते झाकायचं कारण नाही. पण तो विषय पोरगा आणि सॉफ्टवेअर कंपनी यांच्यातला. खातं बंद करणं, पैसे भरायला लावणं हे तिचं हत्यार. त्याचा आधार घेऊन तिसऱ्याच कंपनीने पोराचं काम वापरत राहायचं आणि मजुरी दाबायची, हे कुठल्या न्यायात बसतं?

इथे कायद्यातली एक गोष्ट पोरांनी पाठ करून ठेवावी. कलम १७. नोकरीत नसताना, स्वतंत्रपणे लिहिलेल्या कोडचा पहिला मालक तो लिहिणारा. कलम १९. ती मालकी दुसऱ्याला द्यायची तर लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. त्या कंपनीकडे असा एकही कागद नव्हता. आणि कोड म्हणजे शेवटी अक्षरं. एचटीएमएल आणि सीएसएस कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं याने ते त्या सॉफ्टवेअरवाल्याचं होत नाही.

आम्ही मिळून एक साधा मेल लिहिला. मराठीत विचार करून, सोप्या इंग्रजीत. तीन मुद्दे. परवाना कोणता होता ते लपवलं नाही. यापुढची सगळी दुरुस्ती व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये होईल, ते धंद्यासाठीही फुकट आहे. आणि पैसे मिळेपर्यंत कोडची मालकी माझीच आहे. तीन आठवड्यांनी दहा हजार जमा झाले. पाच हजार अजून येणं आहे. मामांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे चोर नाही ना?" त्यांना पाच हजारांपेक्षा ते महत्त्वाचं होतं.

आता जरा मोठा प्रश्न. कंपन्या हे फुकट देतात तरी का? धर्मादाय म्हणून नाही. बियाणं कंपनी पहिल्या वर्षी प्लॉटसाठी पिशवी फुकट देते तसं. हात बसला की माणूस पुढे विकत घेतो. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ड्रीमस्पार्क नावाने विद्यार्थ्यांना व्हिज्युअल स्टुडिओ आणि वेबसाइट बनवायचं एक्स्प्रेशन स्टुडिओ फुकट दिलं. २०१२ मध्ये एक्स्प्रेशनच गुंडाळलं. ज्यांनी त्यावर हात बसवला त्यांनी पुन्हा नवीन शिकायचं. ड्रीमविव्हर १९९७ मध्ये मॅक्रोमीडियाने आणलं, २००५ मध्ये ती कंपनीच अ‍ॅडोबीने घेतली, आणि २०१३ पासून अ‍ॅडोबीने एकदा घ्या नि कायम वापरा ही पद्धत सोडून भाड्याची पद्धत आणली. फिग्माही विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी फुकट मिळतं. तीसुद्धा अ‍ॅडोबी वीस अब्ज डॉलरला घ्यायला निघाली होती, २०२२ मध्ये जाहीर झालं आणि २०२३ च्या डिसेंबरात फिसकटलं. हे मोठ्यांचे व्यवहार. पण त्यात आपल्या पोरानं काय शिकायचं आणि किती भाडं भरायचं हे ठरत असतं.

आमच्या धंद्यातही हेच बघितलं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तरी मराठी छापखान्यांत ती वर्षानुवर्षं चालली, कारण हात त्यावर बसलेला आणि फॉन्ट त्यावर बसलेले. श्री-लिपीचं लॉक कॉम्प्युटरला लावलेलं असेल तरच अक्षर उमटायचं. ज्याच्याकडे लॉक त्याच्याकडे पेपर.

आपल्या भागाला "उचल" हा शब्द शिकवावा लागत नाही. हंगामाआधी मुकादम हातात पैसे ठेवतो, तेव्हा बरं वाटतं. पुढे कोयता त्या उचलीला बांधला जातो. सॉफ्टवेअरच्या फुकट परवान्याने कुणाचा हंगाम उपाशी जात नाही, ती बरोबरी मी करत नाही. पण आधी घ्या, अटी नंतर कळतील, हा व्यवहार ओळखीचा आहे. उचलीपासून पोराला लांब ठेवायचं म्हणून आईबापांनी त्याला शिकवलं. त्यानं तिथेही न वाचता अंगठा द्यावा, हे बरं नाही.

यावर वाट आहे. आणि ती चोरीची नाही.

मुक्त सॉफ्टवेअर. यात कशासाठी वापरता हा प्रश्नच नसतो. शिका, धंदा करा, दहा मशीनवर टाका. वर्डप्रेस २००३ पासून आहे. फोटोसाठी गिम्प, चित्रं आणि लोगोसाठी इंकस्केप, वेबसाइटचा आराखडा काढायला पेनपॉट. मराठी अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मुक्त परवान्यावर आहेत, वेबसाइटवर बिनधास्त वापरा. छपाईसाठी घेतलेला फॉन्ट मात्र वेबसाइटवर टाकण्याआधी त्याचा परवाना बघा. केरळने आपल्या सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअरवरच कॉम्प्युटर शिकवला. तिथली पोरं मागे पडली नाहीत.

याचा अर्थ विद्यार्थी परवाने घेऊ नका असा नाही. जरूर घ्या. त्यावर हात साफ करा, नमुने बनवा, मुलाखतीला दाखवा. नोकरीत तीच सॉफ्टवेअर विचारतात. फक्त शिकायचं खातं वेगळं आणि कमवायचं खातं वेगळं ठेवा.

पोरांसाठी थोडक्यात सांगतो.

१. परवान्याच्या पानावर "व्यावसायिक वापर" आणि "मुदत" हे दोन शब्द शोधा. सगळं वाचायचा कंटाळा आला तरी हे दोन सोडू नका.

२. पैशाचं काम पहिल्या दिवसापासून मुक्त सॉफ्टवेअरवर करा, किंवा पैसे भरलेल्या परवान्यावर. भाडं दरात धरा. डिझेल न धरता ट्रॅक्टरचं भाडं कुणी सांगतं का?

३. गिऱ्हाईकाचं डोमेन आणि होस्टिंग गिऱ्हाईकाच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, त्याच्या पैशाने.

४. कॉलेज सुटायच्या आधी, शेवटच्या परीक्षेची वाट न बघता, सगळं काम स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवा.

५. काम सुरू करण्याआधी एक पानाचा करार. किती पैसे, कधी, आणि मालकी पूर्ण पैसे मिळाल्यावरच जाईल.

६. कुणी विचारलं तर खरं सांगा. खोटा परवाना दाखवणं हा तर सरळ गुन्ह्याचा रस्ता.

दुकानदार, हॉटेलवाले, संस्थाचालक मंडळींना हात जोडून सांगणं आहे. विद्यार्थी आहे म्हणून अर्ध्या पैशात काम करून घेता, मग नंतर कागद मागू नका. कागद हवे असतील तर आधी मागा, आणि त्याचा खर्च द्या. पाच हजारांची वेबसाइट आणि पन्नास हजारांचा परवाना, दोन्ही एकाच पोराच्या अंगावर टाकू नका.

आणि आपल्या तालुक्यातल्या कॉलेजांना एक मागणी. लॅबमध्ये कुठलं सॉफ्टवेअर शिकवता ते तुमचं तुम्ही ठरवा, पण त्याच्या शेजारी एक तरी मुक्त पर्याय शिकवा. पहिल्या सत्रात एक तास परवान्याच्या अटींवर घ्या. विद्यार्थ्यांना संस्थेचा ईमेल द्या, आणि निकालानंतर किमान वर्षभर तो बंद करू नका. याला अनुदान लागत नाही, ठराव लागतो.

तुमच्या घरात, ओळखीत असं काही घडलं असेल, काम करून पैसे अडकले असतील, वेबसाइट बंद पडली असेल, तर खाली लिहा किंवा मेसेज करा. नाव छापणार नाही. वकील मित्राने महिन्यातून एक रविवार अशा पोरांसाठी द्यायचं कबूल केलंय. बसायला जागा आमच्या ऑफिसात आहे. चहा माझ्याकडून, करार वाचायला चष्मा ज्याचा त्यानं आणावा.